बंद केलेली तक्रार

लॉगर म्हणजे काय, हे मी बायकोला एकदा समजावून सांगितलं होतं. प्रोग्रॅम चालत असताना तो काय काय करतो आहे हे ओळीओळीने लिहून ठेवावं लागतं, म्हणजे पुढे काही बिघडलं तर त्या ओळी वाचून कारण शोधता येतं. ते लिहून ठेवणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे लॉगर. तिने गवारीच्या शेंगा मोडता मोडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे त्याने स्वतःशी बडबडायचं आणि तुम्ही ती बडबड लिहून घ्यायची. आणि यासाठी दर रविवार?"

यासाठीच दर रविवार. पुण्याहून नोकरीसाठी हैदराबादला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि त्यातले बहुतेक रविवार मी या लॉगरला दिले आहेत. तो मुक्त स्रोताचा आहे, म्हणजे कोणीही घ्यावा, वापरावा, आतलं वाचावं, चूक दिसली तर कळवावी. मोबदला कोणी देत नाही आणि मागायचाही नसतो. जगभर विखुरलेली काही माणसं मिळून एक प्रोग्रॅमिंगची भाषा सांभाळतात. ती फार मोठी नाही. त्या भाषेसाठी मी हा लॉगर लिहिला. आमच्या त्या छोट्या जगात मला मान होता. ऑफिसात तेवढा नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्याच भाषेसाठी दुसराही एक लॉगर होता, आणि तो लिहिणारा माणूस याच शहरात राहत होता.

आमची ओळख हिमायतनगरला झाली. तिथे एका कोचिंग क्लासच्या वर्गात शनिवारी आमच्या भाषेची माणसं जमायची. मी माझ्या लॉगरवर बोललो, टाळ्या पडल्या, आणि शेवटच्या बाकावरून एक माझ्याच वयाचा गृहस्थ उठला. त्याने इंग्रजीत विचारलं, "वीज गेली तर शेवटची ओळ कुठे राहते?" मी काहीतरी सफाईदार उत्तर दिलं. नंतर जिन्यात मी बायकोशी फोनवर बोलत होतो, तर तो मागे थांबून राहिलेला.

"पुण्याचे का?"

"हो."

"मग मघाशी इंग्रजी कामून झाडूलालते? आम्ही बी मराठीच की ओ."

त्याचे आजोबा निजामाच्या काळात बीदरकडून शेती सोडून इथे नोकरीला आले. तेव्हापासून घर अंबरपेठला. शाळा तेलुगू आणि इंग्रजी, गल्लीत दखनी, घरात मराठी. मराठी वाचायला त्याला वेळ लागायचा. बोलायला अजिबात नाही. तो मला पहिल्यापासून 'पुणेकर' म्हणायचा. मी त्याला 'अंबरपेठकर' म्हणू लागलो आणि तेच चालू राहिलं.

त्याच्या घरी मी अनेकदा जेवलो. जवारीची भाकरी, आंबट चुक्याची भाजी, वर कच्चा कांदा. त्याची बायको ताटात वाढत म्हणायची, "घ्या भावजी, आमच्याकडं लाजलं की उपाशी राहतेत." जेवताना आमचं लॉगरवरून जुंपायचंच.

"तुमचा लॉगर म्हणजे अस्सल पुणेकर," तो म्हणायचा. "लई घाईत, आणि आपल्याला गरज पडली की दुकान बंद."

"आणि तुमचा हैदराबादी. एका ओळीला अर्धा दिवस."

"लागू दे की. पण लिहिलेलं राहतं."

थट्टेत फरक नेमका आला होता. त्याचा लॉगर प्रत्येक ओळ डिस्कवर पक्की लिहून मगच पुढे जायचा. माझा ओळी मेमरीत साठवायचा आणि एकदम उतरवायचा, म्हणून पुष्कळ वेगवान होता. मात्र मध्येच वीज गेली तर साठवलेलं पुसलं जायचं. त्यावर उपाय म्हणून मी एक सोय केली होती. ज्या ओळी हरवून चालणार नाहीत त्यांवर तशी खूण करायची, म्हणजे त्या लगेच डिस्कवर जातील. माहितीपत्रकात मी हे ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

त्याच्यासाठी शेवटची ओळ हा वादाचा मुद्दा नव्हता, रोजचं काम होतं. सिकंदराबादच्या एका छोट्या कंपनीत तो रक्त तपासणाऱ्या मशीनचा प्रोग्रॅम सांभाळायचा. लहान गावांतल्या लॅबमध्ये वीज जाते. ती परत आली की कोणत्या नमुन्याचं वाचन नोंदलं गेलं आणि कोणाचं नाही, हे त्या शेवटच्या ओळींवरूनच कळतं.

अजून एक गोष्ट लिहायला हवी. घरी येऊन मी त्याच्या बोलण्याची नक्कल करायचो. "कामून," "नक्को," "राहतेत." बायको पहिल्यांदा हसली. दुसऱ्यांदा म्हणाली, "आत्ताच त्यांच्याकडे जेवून आलात ना?" मी नक्कल थांबवली, पण मनात त्याला माझ्या बरोबरीचा धरलं नव्हतं ते नव्हतंच.

मग आमच्या भाषेच्या जाणत्या मंडळींनी ठरवलं की दोन लॉगरांमुळे नवे लोक गोंधळतात, एकच निवडावा आणि तो भाषेबरोबरच द्यावा. मतदान जाहीर झालं. लोक उघडपणे, कारणांसकट मत लिहू लागले. मी रोज ऑफिसात पहिलं ते पान उघडायचो. मी थोडासा पुढे होतो.

त्याच दिवसांत अंबरपेठकराने माझ्या लॉगरच्या पानावर एक तक्रार नोंदवली. ठळक अक्षरांत सांगितलेली ती सोय खरी चालत नव्हती. खूण केलेली ओळ मेमरीतून निघायची, पण डिस्कपर्यंत पोचल्याची खात्री माझा प्रोग्रॅम करत नव्हता. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरची विजेची पिन चालू असतानाच काढून त्याने ते पाहिलं होतं. कसं तपासायचं ते लिहिलं होतं आणि खाली दुरुस्तीही लिहून दिली होती. अगदी लहानशी होती. शेवटी म्हटलं होतं, घाईत असं राहून जातं, माझ्याकडूनही पूर्वी राहिलं होतं.

मी दुपारी ते वाचलं. जेवणाच्या सुट्टीत तपासून पाहिलं. ओळ हरवत होती.

दुरुस्ती तेव्हाच करून टाकली असती तर एका दिवसाचं काम. पण ती जाहीर नोंदीत दिसली असती, आणि मतदानाच्या पानावर कोणीतरी लिहिलं असतं की यांचा मुख्य दावाच खोटा होता. मी उत्तर लिहायला घेतलं. 'पाहतो' एवढंच लिहिलं, आणि पुसलं.

ते का पुसलं, हे सांगण्यासाठी बॉटबद्दल सांगावं लागेल. तक्रारी साचतात म्हणून आमच्यात अनेकजण एक बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा छोटा प्रोग्रॅम, ठेवतात. एखाद्या तक्रारीखाली बराच काळ कोणी काही बोललं नाही, तर बॉट तिच्यावर पिवळी पट्टी लावतो आणि काही दिवसांनी ती बंद करतो. माझा बॉट आळसापोटी मी माझ्याच खात्यावरून चालवत होतो. 'हालचाल नाही म्हणून बंद' असं वाचून लोक चिडायचे, म्हणून मी त्याचा निरोपही गुळगुळीत करून ठेवला होता: 'ही तक्रार बंद करत आहोत. तुमच्या योगदानाबद्दल मनापासून आभार.' नाव माझं, फोटो माझा. एका शब्दानेही तक्रार जिवंत राहिली असती. 'पाहतो' या शब्दानेही. म्हणून मी तो पुसला. मी काहीही केलं नाही, आणि काहीही न करणं हेच मी जाणूनबुजून केलं.

पिवळी पट्टी लागली ती मी पाहिली. त्यालाही दिसली असेल, पण मी कामाला हात घातल्याची ती खूण असं त्याने मानलं असावं. मधे एक रविवार त्याच्या घरी गेलो. त्याने त्या विषयाला हात लावला नाही. मतदान चालू असताना समोरच्याच्या चुकीवरून टोकणं त्याला बरं दिसत नसावं. मतदानाच्या पानावरही त्याने एक अक्षर लिहिलं नाही. मी भाकरी खाल्ली, मुलांच्या परीक्षांवर बोललो आणि घरी आलो. त्याच आठवड्यात तक्रार बंद झाली.

आणि दुसऱ्या दिवशी मतदानाच्या पानावर त्याची टिपणी आली. ती मला जवळजवळ पाठ आहे. 'मला एकच अडचण होती, ती त्यांनी काल दुरुस्त केली. आता दोन लॉगर कशाला? मी माझा थांबवतो. माझं मतही त्यांना. आमच्या कंपनीतही आता त्यांचाच वापरेन.'

बंद म्हणजे झालं, असं त्याने धरलं होतं. आमच्यात सहसा तसंच असतं. शिवाय निरोप माझ्या नावाने आला होता आणि त्यात आभार होते.

सगळे त्याच्या मोठेपणाबद्दल लिहू लागले. मी काय करावं? मी त्या टिपणीखाली लाल बदामाची खूण दाबली.

जिंकल्यावर गुपचूप दुरुस्ती करायची असं मी ठरवलं होतं. पण आता जे काल दुरुस्त झालं म्हणून सगळ्यांनी वाचलं तेच आज पुन्हा कसं दुरुस्त करायचं? पुढच्या आवृत्तीत दुसऱ्या कुठल्या बदलाच्या पोटात सरकवून देऊ, असं म्हणत राहिलो. अभिनंदनाचे निरोप येत होते. माझा लॉगर आता अधिकृत होता. नवी कामं निघाली आणि मी ते विसरलो असं लिहावंसं वाटतं. विसरलो नव्हतो.

मग उन्हाळ्यात एका सकाळी त्याचा फोन आला.

"पुणेकर, जरा सिकंदराबादला येता का आमच्या ऑफिसात? एका लॅबला लाईट गेली अन् शेवटच्या ओळीच गायब. खूण केलेल्या व्हत्या. काहीतरी नवीनच निघालं दिसतं तुमच्यात. मॅडम माझ्यावर बिघडल्यात. ते लॅबचं काम माझ्याकडून काढायचं म्हणतेत. तुमच्या तोंडून सांगा, म्हणजे त्यांना पटंल."

मी गेलो. वाटेत ठरवलं की तांत्रिक बाजू सांगायची आणि त्याला सोडवायचं. तेवढं जमेल असं वाटत होतं.

त्याच्या वरिष्ठ, म्हणजे या मॅडम, तेलुगू होत्या. बोलणं हिंदी-इंग्रजीत झालं, मी इथे मराठीत लिहितो. त्यांच्यासमोर ते तक्रारीचं पान छापून ठेवलेलं होतं.

"ही सोय चालत नाही, हे तुम्हीच शोधलं होतं," त्या त्याला म्हणाल्या. "मग आपल्याकडे घेताना परत तपासलं का नाही?"

"बंद झाली होती, मॅडम. बंद म्हणजे दुरुस्त झाली."

"एक पिन काढून बघायला किती वेळ लागतो?"

त्याने माझ्याकडे हात केला. "ओळखीचे आहेत हे. घरी येतात, जेवतात. त्यांनी केलं म्हटल्यावर परत तपासणं बरं वाटलं नाही."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "दुरुस्त न करता बंद कशी झाली?"

"बॉटने केली," मी म्हणालो. "ते आपोआप होतं."

"ऐकलंत? आपोआप." त्यांनी कागद बाजूला सरकवला. "म्हणजे यांचा दोष नाही. तुम्ही तपासलं नाही, एवढंच उरतं. लॅबचं काम मी दुसऱ्याकडे देते."

तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं होतं चिडलेला असेल. पण त्याच्या चेहऱ्यावर उलट मोकळेपणा होता, जणू माझ्याबद्दलची एक शंका मिटली. त्याने मराठीत, हळू आवाजात विचारलं, "म्हणजे तुम्हाला बी ठाऊक नव्हतं?"

त्याने मला बाहेर पडायला दार उघडून दिलं होतं. 'नव्हतं' एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तो मान हलवून गप्प बसला असता आणि त्याचं काम गेलं असतं.

"होतं," मी म्हणालो.

त्याला लगेच कळलं नसावं. मॅडमना मराठी येत नव्हती. त्यांनी विचारलं, काय म्हणता? मग मला ते पुन्हा हिंदीत सांगावं लागलं. तक्रार मी वाचली होती. तपासून पाहिली होती. खरी होती. ती बंद व्हावी म्हणून मी उत्तर दिलं नाही, आणि यांनी दुरुस्त झाली असं जाहीर लिहिलं तेव्हाही गप्प राहिलो. यांची चूक असेल तर माझ्यावर विश्वास ठेवला एवढीच.

"पण का?" मॅडमनी विचारलं.

"मतदान चालू होतं."

"कसलं मतदान?"

"लॉगरचं. कोणता अधिकृत करायचा त्याचं."

"त्यात तुम्हाला काय मिळतं?"

"काही नाही."

मग त्या कामाच्या गोष्टीवर आल्या. लॅबचं काम त्याच्याकडेच राहील. पण यापुढे बाहेरचं काही वापरलं तर त्याचं काम दुसरा माणूस तपासून सही करेल. म्हणजे माझ्या कबुलीनंतरही त्याच्यावर एक पहारा बसलाच.

आम्ही खाली आलो. ऊन रणरणत होतं. बसस्टॉपच्या पत्र्याखाली तो उभा राहिला, मी त्याच्या शेजारी. मी माफी मागितली. त्याने ती ऐकली की नाही कळलं नाही.

"परत बोलवावं लागलं ओ लोकांना," तो म्हणाला. "रक्त परत काढायला. मी गेलतो तिथं. एक म्हातारी होती, तिची शीरच सापडंना. दोन्ही हाताला टोचलं. मी तिला म्हटलं, आजी, मशीनची चूक हाय."

बस येते का हे त्याने वाकून पाहिलं, मग माझ्याकडे वळला.

"तुम्ही हारले असते तर काय झालं असतं, पुणेकर?"

"काही नाही."

"हौ," तो म्हणाला. "काहीच नाही."

अंबरपेठची बस आली. तो चढला. आत जाऊन पलीकडच्या बाजूला बसला.

त्या आठवड्यात मी दुरुस्ती केली आणि ती तक्रार पुन्हा उघडून तिच्याखाली घडलेलं सगळं लिहिलं. मतदानाच्या पानावरही लिहिलं. मला वाटलं होतं लोक झोडपतील. थोडं झोडपलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्या त्या कबुलीखाली बदामांच्या खुणा साचत गेल्या. असा प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे, असं कोणीतरी लिहिलं. यातून आपण सगळ्यांनी शिकलं पाहिजे, असं दुसऱ्याने. माझ्या लॉगरला मत दिलेली माणसं मला धीर देत होती. त्या म्हातारीबद्दल मी लिहिलं होतं, तिच्याबद्दल कोणी विचारलं नाही. बायकोला सगळं वाचून दाखवलं. तिने खुणांकडे पाहिलं आणि म्हणाली, "यात त्यांची कोणती?" त्याची कोणतीच नव्हती.

मी त्याला कळवलं की दुरुस्ती तुमची आहे, तुमच्या नावाने नोंदवतो. उत्तर आलं: 'नावाचं नक्को.' पुढे एवढंच होतं की त्याने आपला लॉगर पुन्हा सुरू केला आहे, पण आता फक्त ऑफिसपुरता. उघड्यावर ठेवावंसं वाटत नाही. मी त्याचं पान उघडून पाहिलं. ज्या पानावर इतकी वर्षं त्याचं काम कोणालाही वाचायला मिळायचं, तिथे आता 'असं पान नाही' एवढाच संदेश होता. माझ्या नव्या दुरुस्तीच्या आवृत्तीत चूक राहिली असेल तर ती पिन काढून शोधणारा माणूसही त्याबरोबर गेला.

तरी मी जाणत्या मंडळींना लिहिलं की निकाल रद्द करा, मतदान पुन्हा घ्या. त्यांनी सौजन्याने उत्तर दिलं. भावना समजतात, पण मतदानाला निदान दोन पर्याय लागतात, आणि दुसरा आता कोणालाच दिसत नाही. तेव्हा निकाल आहे तसाच राहील. भाषा नव्याने घेणाऱ्या प्रत्येकाला तिच्याबरोबर माझा लॉगर मिळतो, आणि तिथे नाव माझं एकट्याचं आहे.